अफलातून आणि प्लेटॉनिक

मराठी भाषेत एकाच ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावापासून झालेले दोन शब्द नांदत आहेत. त्यांतला 'अफलातून' शाळकरी मुलापासून वृत्तपत्राच्या क्रीडासंपादकापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. 'प्लेटॉनिक' कथाकादंबऱ्यांतून आणि महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतून ऐकू येतो. आणि ज्याच्या नावाची ही दोन रूपे, तो इसवीसनापूर्वी ४२७ च्या सुमारास जन्मलेला अथेन्सचा प्लेटो मात्र तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाबाहेर फारसा कोणास आठवत नाही. हे शब्द कोणकोणत्या मुलखांतून आपल्याकडे आले, वाटेत त्यांनी काय टाकले व काय उचलले, आणि आज त्यांचा अर्थ काय करावयाचा, ह्या प्रश्नाचा विचार करावयास भिवंडीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. कारण 'अफलातून'चे जे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत, ते ह्या गावात एकाच रस्त्यावर कानी पडतात.

कामवारी नदीकाठची ही जुनी पेठ आदिलशाही अंमलाखाली होती आणि १६५७ साली कल्याणबरोबर ती शिवाजी महाराजांनी घेतली. कोकणी मुसलमानांची वस्ती येथे पूर्वापार आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची घराणी आपली उर्दू घेऊन आली. त्यांच्यामागून तेलंगणातले पद्मशाली आले. आणि सभोवतालच्या खेड्यांतून आगरी, कुणबी, कोळी मंडळी आपली ठसकेबाज मराठी बोलत बाजारहाटाला येत राहिली. यंत्रमागाच्या कारखान्यात एखादा नवा कारागीर आल्याआल्याच इतरांना शहाणपण शिकवू लागला, तर उर्दू बोलणारा जुना कारागीर 'बडा अफलातून बना फिरता है' असे म्हणून त्याला जागच्या जागी बसवतो. त्याच कारखान्यात नमुन्याचे कापड पाहावयास आलेला मराठी गिऱ्हाईक 'अफलातून!' असे म्हणून थेट मागणीच नोंदवितो. पहिल्याच्या तोंडी तो टोमणा आहे, दुसऱ्याच्या तोंडी ती मनमोकळी शाबासकी आहे, आणि दोघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नाही.

मुळात 'प्लेटो' हे नावसुद्धा टोपणनाव असावे, अशी एक जुनी परंपरा आहे. डायोजिनीस लायर्शियस नावाच्या चरित्रकाराने नमूद केल्याप्रमाणे त्याचे पाळण्यातले नाव ॲरिस्टोक्लीस असे असून रुंद बांध्यामुळे त्याला 'प्लातोन' म्हणू लागले; आधुनिक पंडित ह्या कथेबद्दल साशंक आहेत, पण ग्रीक भाषेत त्या शब्दाचा 'रुंद' ह्या अर्थाशी असलेला संबंध उघड आहे. अरबी भाषेत 'प' हा वर्ण नाही, म्हणून त्याचा 'फ' झाला. शब्दारंभी दोन व्यंजने जोडून उच्चारण्याची त्या भाषेची रीत नाही, म्हणून पुढे एक स्वर आला. 'तो'चा 'तू' झाला. आणि 'अफलातून' सिद्ध झाले. ह्यात एक गंमत अशी की, इंग्रजीच्या द्वारे आलेल्या 'प्लेटो'ने मूळ ग्रीक नावातला अंत्य 'न' वाटेतच, लॅटिनमध्ये, टाकून दिला, तर आपण ज्याला अपभ्रंश म्हणून हसतो त्या 'अफलातून'ने तो जपून ठेवला. उच्चाराच्या इमानाचा खटला भरला तर निकाल 'अफलातून'च्या बाजूने लागेल.

हे रूपांतर घडले ते बगदादच्या अब्बासी खलिफांच्या आमदानीत. खलिफा मामून ह्याच्या कारकीर्दीत, म्हणजे ८१३ ते ८३३ ह्या काळात, ग्रीक विद्येच्या भाषांतराला राजाश्रय मिळाला, आणि इ. स. ८७३ मध्ये निवर्तलेल्या हुनैन इब्न इसहाक ह्या ख्रिस्ती वैद्याने व त्याच्या शिष्यमंडळाने ग्रीक ग्रंथ सुर्यानीत व अरबीत उतरविले. पण येथेच पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ अरबीत बहुतेक समग्र आले. प्लेटोचे संवाद मात्र मुख्यतः गेलेन ह्या वैद्याने केलेल्या सारांशांच्या, उताऱ्यांच्या आणि सुभाषितांच्या रूपाने आले. फाराबीसारख्या तत्त्वज्ञाने त्याच्या विचारावर स्वतंत्र प्रबंध लिहिले हे खरे, तथापि सर्वसामान्य सुशिक्षिताच्या हाती पडला तो ग्रंथांवाचूनचा प्लेटो, 'दिव्य अफलातून', सर्वज्ञ ऋषी. ज्याचे ग्रंथ वाचले जातात त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याचे केवळ नाव ऐकू येते त्याच्याविषयी दंतकथा रचल्या जातात.

आणि त्या रचल्या गेल्याच. रांजणात राहणारा तो ग्रीक विरागी डायोजिनीस (वर आलेला चरित्रकार नव्हे). पण फार्शी कवींनी रांजणात नेऊन बसविले अफलातूनला, आणि हाफिजसारख्या महाकवीनेही त्याला तेथेच बसलेला कल्पिला. रूमीने तर मसनवीच्या आरंभीच प्रेमाला उद्देशून, तूच आमचा अफलातून आणि तूच आमचा जालीनूस, अशा आशयाची हाक दिली आहे. जालीनूस म्हणजे वर आलेला गेलेन, आणि त्याच्या जोडीला बसवल्यामुळे अफलातून हा तत्त्ववेत्त्यापेक्षा धन्वंतरीच अधिक वाटू लागतो. आपल्याकडच्या यूनानी हकिमांच्या परंपरेत बुकरात (हिपॉक्रेटीस), जालीनूस, अरस्तू (ॲरिस्टॉटल) आणि अफलातून ही नावे एका दमात घेतली जातात त्याचे बीज येथे सापडते. तुर्कस्तानात कोन्याच्या परिसरात अफलातून हा जादूगार व अभियंता म्हणून लोककथांत शिरला. बेयशेहिरजवळचा एक हित्ती काळातला झरा त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि तुर्की भाषेत 'एफलातून' हा आज एका फिक्या जांभळ्या रंगाचा शब्द आहे. तत्त्वज्ञाचा रंग व्हावा ही कल्पना आपल्याला हास्यास्पद वाटेल. पण आपण त्याला षट्काराचे विशेषण केले आहे, हे हसण्यापूर्वी ध्यानात ठेवलेले बरे.

ह्या दंतकथांतली सर्वांत देखणी कथा निजामी गंजवी ह्या बाराव्या शतकातल्या कवीने आपल्या सिकंदरनाम्यात सांगितली आहे. सिकंदराच्या दरबारात अरस्तू स्वतःला सर्वश्रेष्ठ म्हणवू लागला तेव्हा अफलातून रुसून दूर निघून गेला, रांजणात बसून ग्रहगोलांच्या संगीताचे चिंतन करू लागला आणि शेवटी त्याने असे एक वाद्य सिद्ध केले की, त्याच्या एका सुरावटीने रानातली श्वापदे निद्रिस्त होत आणि दुसरीने जागी होत. अरस्तूला झोपविण्याची युक्ती साधली, पण जागे करण्याची साधेना. तेव्हा त्याला शरण येऊन ती शिकावी लागली. इतिहासाच्या दृष्टीने हे सारे असंभव आहे, कारण इसवीसनापूर्वी ३४७ च्या सुमारास प्लेटो वारला तेव्हा अलेक्झांडर आठनऊ वर्षांचा पोर होता. पण अकबरासाठी १५९५ साली तयार झालेल्या निजामीच्या पोथीत माधू खानाजाद ह्या चित्रकाराने हा प्रसंग रंगविला आहे, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले ते पान पाहिले म्हणजे काळाची ही चूक कोणीही क्षमा करील. अफलातून बसला आहे तो चक्क युरोपीय धाटणीच्या ऑर्गनपुढे, आणि सभोवार वाघसिंहांपासून हरणांपर्यंत जनावरे मूर्च्छित पडली आहेत. हे वाद्य त्या चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले नव्हते. हाजी हबीबुल्लाह ह्याला बादशहाने गोव्यास धाडले होते, आणि १५८१ च्या सुमारास दरबारात ऑर्गन दाखविला गेल्याची हकीकत इतिहासकार बदायूनीने लिहून ठेवली आहे. म्हणजे बगदादमार्गे आलेला अफलातून आणि पोर्तुगीज गलबतातून आलेले वाद्य ह्यांची गाठ मोगली चित्रशाळेत पडली, आणि त्या गाठीचे एक टोक आपल्या गोव्यात होते.

ह्या पार्श्वभूमीवर उर्दूतल्या टोमण्याचा उलगडा होतो. ज्या समाजात मक्तबापासून हकिमाच्या दवाखान्यापर्यंत अफलातून ही एक व्यक्ती, परम ज्ञानी व्यक्ती, म्हणून माहीत होती, त्या समाजात कोणाला 'अफलातून' म्हणणे म्हणजे त्याला त्या थोर पुरुषाशेजारी उभे करणे होय; आणि शेजारी उभा राहिलेला सामान्य माणूस खुजाच दिसावयाचा. म्हणून तेथे शब्दाला उपरोधाची धार आली, जशी ती 'बुकरात'लाही आली. मोठेपणाच्या ह्या वलयाला कवी इक्बालने १९१५ च्या 'असरारे खुदी'त अगदी निराळ्या बाजूने हात घातला. माणसाला प्रत्यक्ष जगापासून पळावयास शिकवणारा म्हणून त्याने अफलातूनची गणना मेंढरांच्या कळपात केली. इक्बालचा राग मला एकांगी वाटतो. पण रागवावयासही माणूस ओळखीचा असावा लागतो, एवढे त्यावरून दिसते.

मराठीत नेमकी हीच ओळख आली नाही. फार्शी दफ्तरातून, लष्करी छावण्यांतून, दखनीच्या सहवासातून शब्द आला, पण त्यामागचा मनुष्य आला नाही. आणि मनुष्यच नसल्यामुळे तुलनेला जागा उरली नाही, उरले केवळ आकारमान. म्हणून उर्दूत हा शब्द प्रायः माणसाला लावतात, तर मराठीत तो वाटेल त्या वस्तूला लागतो: कल्पना अफलातून, गाणे अफलातून, भेळ अफलातून, लिंगवचनाचा विकार त्याला होत नाही आणि एकटा उच्चारला तरी तो पूर्ण वाक्याचे काम करतो. आपल्या पुराणपुरुषांच्या नावांचे असे झाले नाही हे लक्षात घेण्याजोगे आहे. भगीरथ प्रयत्न म्हणताना गंगावतरण, कुंभकर्णी झोप म्हणताना लंकेतला तो राक्षस, आणि कोणाला शकुनीमामा म्हणताना द्यूतसभा डोळ्यांपुढे राहतेच, कारण कीर्तनांनी आणि आजीच्या गोष्टींनी ती माणसे आपल्या घरची करून ठेवली आहेत. 'नशीब सिकंदर' म्हणतानाही दिग्विजयाची अंधुक आठवण असते. अफलातूनच तेवढा निराधार पोरका. पण पोरक्या शब्दांनी पराक्रम केल्याची उदाहरणे भाषांच्या इतिहासात कमी नाहीत.

माझ्या ह्या उपपत्तीवर एक आक्षेप घेता येईल. मुंबईत महंमद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास रवा, खवा, अंडी, साजूक तूप आणि सुकामेवा घालून भट्टीत भाजलेली 'अफलातून' नावाची मिठाई मिळते, भिवंडीच्या घरांतूनही ती मोठ्या आवडीने खाल्ली जाते, आणि ती करणारे काही मराठी भाषिक नव्हेत. मग त्यांनी वस्तूला हे नाव कसे दिले? उत्तर असे की मुंबईची बाजारबोली ही निखळ उर्दू कधीच नव्हती; तिच्यात मराठी, गुजराती, कोकणी यांचा वाटा मोठा, आणि त्या बोलीत शब्दाचा मराठी अर्थच रूढ झाला. हिंदी चित्रपटाने १९९७ साली आणि मराठी चित्रपटाने २०२३ साली हेच शीर्षक घेतले, तेव्हा प्रेक्षकांपैकी कोणी प्लेटोच्या अपेक्षेने तिकीट काढले असेल असे वाटत नाही.

भाषाशुद्धीच्या चळवळीत ह्या शब्दाची गत काय झाली, हा प्रश्न मनोरंजक आहे. फार्शीचे प्राध्यापक असलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि त्याच पटवर्धनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. शब्दांची वंशावळ ज्याला सर्वांत चांगली ठाऊक त्यानेच त्यांच्या हद्दपारीचा विचार करावा, ह्यात विसंगती दिसली तरी ती प्रामाणिक विसंगती होती. 'तारीख' हटवून 'दिनांक' आला, कचेऱ्यांतून तो रुजू झाला. 'अफलातून'च्या जागी मात्र कोणीही बसू शकले नाही. अद्वितीय, अलौकिक, असामान्य हे शब्द सभागृहात शोभतात, पण त्यांत ते हसू नाही, तो टाळी देण्याचा आवेग नाही. मानपत्रात 'अलौकिक' लिहिणारा गृहस्थ खाली उतरल्यावर मित्राला 'भाषण अफलातून झाले' असेच सांगतो. परकेपणाच्या मुद्द्यावर ह्या शब्दाला नोटीस बजावणाऱ्यांनी 'अकादमी'चाही विचार करावा. अथेन्सबाहेरच्या ज्या उपवनात प्लेटोने इसवीसनापूर्वी ३८७ च्या सुमारास आपली शाळा घातली त्या अकादेमॉस नावाच्या वीराच्या उपवनावरून आलेला हा शब्द १९५४ साली स्थापन झालेल्या साहित्य अकादमीने ललाटी धारण केला आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

'प्लेटॉनिक'ची कथा थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, कारण ती पुस्तकी आहे. फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचीनोने पंधराव्या शतकात प्लेटोचे समग्र संवाद लॅटिनमध्ये आणले, ते १४८४ मध्ये छापले गेले, आणि 'सिम्पोझियम'वरील त्याच्या भाष्यातून शरीरातीत प्रेमाची कल्पना युरोपभर गेली. इंग्लंडात १६३६ साली डॅव्हेनंटचे 'प्लेटॉनिक प्रेमिकां'वरचे नाटक छापले गेले तोवर ती थट्टेचा विषय झाली होती. आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांबरोबर ती मराठी कादंबरीत आली. मूळ संवादात डायोटिमा ही विदुषी सॉक्रेटिसाला सांगते ती एक शिडी आहे: एका सुंदर देहापासून सर्व सुंदर देहांकडे, तेथून सुंदर मनांकडे, कायद्यांकडे, विद्यांकडे आणि अखेरीस केवल सौंदर्याकडे. त्या शिडीची पहिली पायरी देहच आहे, आणि त्या मेजवानीतले प्रेम बहुतांशी पुरुषांचे पुरुषांवरचे आहे. ह्यांपैकी काहीही आपल्या कादंबरीतल्या 'आमचे संबंध प्लेटॉनिक आहेत' ह्या वाक्यात उरलेले नाही. तरीही तुलना केली तर असे दिसते की खुष्कीच्या मार्गाने आलेल्या शब्दाने माणसाचा थोरपणा राखला आणि सिद्धान्त गमावला, तर समुद्रमार्गे आलेल्याने सिद्धान्ताचा एक तुकडा राखला आणि माणूस गमावला.

इतर तत्त्ववेत्त्यांच्या नशिबी इतकेही आले नाही. एपिक्युरसचे नाव यहुदी धर्मशास्त्रात 'अपिकोरोस' होऊन पाखंडी ह्या अर्थाने बसले, युरोपात ते खवय्यांना चिकटले, आणि मराठीला त्याची गरजच पडली नाही, कारण बदनामीसाठी आपल्याकडे चार्वाक तयार होता. पायथागोरस भूमितीच्या वहीपुरता उरला. सॉक्रेटिसाचे शब्दात रूपांतर झाले नाही, पण त्याच्या मरणाने येथे राजकारण घडविले: प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणाचा सारानुवाद गांधीजींनी १९०८ साली 'इंडियन ओपिनियन'मध्ये एका सत्यवीराची कथा म्हणून गुजरातीत दिला आणि १९१० साली मुंबई सरकारने ती पुस्तिका जप्त केली. पुढे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचे पुत्र नारायणभाई यांनी आपल्या मुलांपैकी एकाचे नाव नचिकेता ठेवले आणि दुसऱ्याचे अफलातून. हिंदुस्थानात हा शब्द पुन्हा माणसाचे नाव झाल्याचे ह्याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, अशा भरकटलेल्या शब्दाला चूक म्हणावयाचे काय? ह्याचे उत्तर प्लेटोच्याच 'क्रॅटिलस' संवादात शोधता येते. नावे निसर्गसिद्ध असतात की केवळ संकेताने ठरतात, ह्यावर तेथे क्रॅटिलस आणि हर्मोजिनीस यांचा वाद आहे, आणि सॉक्रेटिस मध्ये पडून दाखला देतो तो विणकराच्या धोट्याचा. धोट्याने जसे सूत वेगळे केले जाते तसे नावाने वस्तूंतला भेद वेगळा काढून शिकविला जातो. आणि घडविताना धोटा मोडला तर सुतार नवा करताना मोडक्याकडे पाहत नाही, धोटेपणाच्या मूळ रूपाकडे पाहतो. ज्या सिद्धान्तावर पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाने दोन सहस्र वर्षे खल केला तो येथे माग चालविणाऱ्यालाही समजेल अशा उपकरणावरून मांडला आहे. ह्या कसोटीवर 'अफलातून' मराठीत खरा उतरतो: तो अलौकिकापासून, उत्तमापासून, छानपासून काहीतरी वेगळे काढून दाखवितो. प्लेटोविषयी मात्र तो काहीच शिकवीत नाही, आणि ती उणीव शब्दाची नसून आपल्या वाचनाची आहे.

ती भरून काढावयास भिवंडीच्या वाचकाला एक जवळची वाट आहे. 'पॉलिटिकॉस' ह्या संवादात राज्यकर्ता कसा असावा हे ठरविताना प्लेटोने पुरा विणकामाचाच तपशील घेतला आहे: लोकर पिंजणे, सूत कातणे, घट्ट पिळाचा उभा ताणा आणि सैल पिळाचा मऊ बाणा, धीट व कणखर वृत्तीची माणसे हा ताणा, सौम्य व संयमी वृत्तीची माणसे हा बाणा, आणि दोन्ही एकमेकांत गुंफून एकसंध वस्त्र विणणे हे राजकारण. कोरड्या पंडिताला हे रूपक वाटेल. पण बीमवर चढण्यापूर्वी ताण्यालाच खळ का द्यावी लागते, कारण माग चालू असताना सारा ताण आणि फणीचे घर्षण त्यालाच सोसावयाचे असते आणि तो तुटला की माग थांबतो, हे ज्याने शांतीनगरच्या किंवा गैबीनगरच्या एखाद्या कारखान्यात उभे राहून पाहिले आहे, त्याला प्लेटो किती बारकाईने पाहत होता ते कळेल. केवळ ताण्याचे किंवा केवळ बाण्याचे कापड होत नाही, हे ह्या गावाला १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर कोणी सांगावयास नको. जो कोणी ह्या संवादाचे मराठीत भाषांतर करावयास घेईल, त्याने विणकामाच्या प्रकरणापुरते तरी इंग्रजी कोश मिटून ठेवावेत आणि शब्द भिवंडीच्या कारागिरांकडून घ्यावेत.